पेटीवरची हनुवटी

“झोपताना हा आडवा होतो का?” डॉक्टरांनी विचारलं, आणि लाडकी खोटं बोलली.

“व्हतो ना. चांगला पसरून निजतो.”

टेबलावर बसलेला टोब्या घोरत होता. टक्क जागा असून घोरत होता. काळं चपटं तोंड, बाहेर आलेले डोळे, कपाळावर म्हाताऱ्यासारख्या वळ्या आणि नाकाच्या जागी दोन बारीक चिरा. जव्हारच्या जनावरांच्या दवाखान्यात बैल यायचे, शेळ्या यायच्या. असला कुत्रा डॉक्टरांनी फक्त पुस्तकात पाहिला होता. तरी माणूस मन लावून काम करणारा. त्यांनी हिरड्यांचा रंग पाहिला, एकेक नाकपुडी बोटानं ताणून पाहिली आणि लाडकीला समजेल असं सांगितलं, की या जातीचं नाक मुळातच चेचलेलं, थोडी घरघर चालायचीच. पण आडवं होता येत नसेल, मान वर करून बसल्या बसल्या झोपत असेल, तोंड उघडं राहावं म्हणून दातांत काही धरत असेल, तर श्वास पुरत नाही असं समजायचं. मग नाकपुड्या कापून मोठ्या कराव्या लागतील.

“दातांत काही धरतो?”

“नाय.”

मग घाई नको, असं डॉक्टर म्हणाले. भूल द्यायची म्हणजे जिवाशी खेळ, गरज नसताना कशाला. ड्रेसर मंसूरभाई शेजारीच उभे होते. ज्या डालग्यात घालून लाडकीनं कुत्रा आणला होता, त्यात काठीचा एक तुकडा पडला होता, दोन्ही टोकांना दातांचे खोल व्रण असलेला. मंसूरभाईंनी तो उचलला, बघितला, परत ठेवला आणि लाडकीकडे पाहिलं. वीस वर्षं जनावरं धरून ठेवण्यात गेलेल्या माणसाला धनी कुठं खोटं बोलतो तेही कळत असतं.

टोब्या मूळचा जव्हारातल्या एका बंगल्यातला. लाडकीचा नवरा ढवळू तिथं बावीस वर्षं माळी होता. मुंबईची मालकीण थकली, बंगला विकून गेली, आणि दुसऱ्या कोणाच्या हातून खात नाही म्हणून कुत्रा ढवळूच्या गळ्यात पडला. तो त्याला पोशेऱ्याला घरी घेऊन आला तेव्हा पाडा हसून हसून बेजार झाला होता. ढवळूनं वेताळाचं पोर आणलं, असं म्हणाले. म्हणायला कारणही होतं. बोहाड्यात, म्हणजे पाड्यावरच्या मुखवट्यांच्या नाचाच्या उत्सवात, वेताळाचं सोंग ढवळूच्या घराण्याकडे, आणि त्या सोंगाचा कागदाच्या लगद्याचा मुखवटा हुबेहूब असाच: चपटं नाक, बटबटीत डोळे, कपाळाला वळ्या.

भादव्यात ढवळू तीन दिवसांच्या तापानं गेला. मुखवटा मागच्या भिंतीशी लाकडी पेटीत राहिला. आणि बाराव्या दिवसापासून टोब्या रोज भर दुपारी त्या पेटीपुढं जाऊन बसायला लागला. ढवळूच्या मोडक्या काठीचा तुकडा दातांत धरायचा, हनुवटी पेटीच्या कडेवर टेकवायचा, डोळे अर्धे मिटायचा. घर्र. मग थांबायचा. मग पुन्हा घर्र. त्या थांबण्यात सगळं घर कान देऊन ऐकतंय असं लाडकीला वाटायचं.

हा आवाज पाड्याच्या ओळखीचा होता. बोहाड्यात वेताळ पुढं यायचा तेव्हा नाचायच्या आधी मुखवट्यातून हीच घरघर ऐकू यायची, आणि पोरं आयांच्या मागं दडायची. म्हणून शेजारची फागी मीठमिरची मागायला दुपारची यायची ती बंद झाली. एकदा उंबऱ्याबाहेर उभी राहूनच ती हळू आवाजात म्हणाली, “ढवळूदादा बसलाय गं पेटीवर. कुत्रा त्याचे मांडीवर डोकं टेकतो.”

फागी भिऊन बोलली होती. लाडकीच्याही अंगावर काटा आला. पण त्या दिवसापासून ती हातातली कामं उन्हं डोक्यावर यायच्या आत उरकायला लागली. पेटीजवळ बसायची आणि ढवळूला सगळं सांगायची. नाचणी किती झाली, कुडाला कुठं भोक पडलं, कोणाच्या पोरीचं ठरलं. घर्र, असं उत्तर यायचं. त्याला न रुचणारं काही बोललं की श्वास जास्त वेळ अडायचा. तिला भीती वाटायची, पण उठावंसं वाटायचं नाही.

मग फाल्गुनातल्या एका दुपारी टोब्या पेटीपुढून धाडकन कोसळला. जीभ निळी पडली. लाडकीनं हंडाभर पाणी ओतलं, छातीशी धरून दारात वाऱ्याला नेला, तेव्हा कुठं तो शुद्धीवर आला. त्या धसक्यानंच तिनं जव्हार गाठलं होतं. पण डॉक्टरांनी आडवं होण्याचं विचारलं आणि तिचं मन फिरलं. नाक कापलं की कुत्रा आडवा होणार. आडवा झाला की पेटीवर हनुवटी टेकायला कोण जाणार? आणि मग ढवळू तरी कोणासाठी बसून राहील?

बोहाड्याला आठ दिवस राहिले तेव्हा पुतण्या पांड्या सोंग घ्यायला आला. ठाण्याकडे खडी फोडायच्या कामावर असायचा, दांडगा गडी. टोब्या पेटी सोडायला तयार होईना, लाडकीनं त्याला उचलून बाजूला ठेवला. पांड्यानं नारळ फोडला, पाया पडला आणि मुखवटा बसतो का बघायला तोंडावर चढवला.

घर्र, आतून आवाज आला. खालून टोब्यानं तसाच श्वास घेतला. क्षणभर घरात एकाच नाकाचे दोन श्वास चालू होते.

पांड्यानं मुखवटा ओरबाडून काढला. चेहरा लालभडक झाला होता. “काकी, आत हवाच नाय. जान जाते. काका यात कसा नाचायचा?” मग घाम पुसत म्हणाला, “सळई तापवून आणतो. नाकाची भोकं मोठी केली की झालं.”

तो सळई आणायला घरी गेला. मुखवटा पेटीच्या झाकणावर उताणा पडला होता. बायकांनी सोंग पुसावं, ऊन दाखवावं, पण तोंडावर चढवायचं नाही, हा नेम लाडकीनं लग्न होऊन आल्यापासून पाळला होता. आज तिनं दाराकडे बघितलं आणि मुखवटा तोंडावर धरला.

आत ढवळूचा वास होता. घामाचा, तंबाखूचा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता तो बोलेल, म्हणून ती वाट बघत राहिली.

घर्र, असा आवाज झाला. तो तिच्याच घशातून आला होता. तिनं पुन्हा श्वास ओढला, पुरला नाही. छाती वर आली, कानांत ठोके पडायला लागले, आणि तिची मान आपसूक वर गेली. हवेसाठी हनुवटी उचलत उचलत ती मागं कलली. डोळ्यांच्या दोन भोकांतून तिला समोर टोब्या दिसला. पुन्हा पेटीशी येऊन बसलेला, काठी दातांत, मान तश्शीच वर.

त्याच्या हनुवटीखाली कोणाची मांडी नव्हती. लाकूड होतं.

लाडकीनं मुखवटा काढून झाकणावर ठेवला. तिला स्वतःची शरम वाटली. मेलेला माणूस जाऊ नये म्हणून आपण जितं जनावर गळ्याशी धरून ठेवलं, हे तिला अगदी लख्ख कळलं. पांड्या सळई घेऊन परतला तोवर ती टोब्याला डालग्यात घालून एसटीच्या वाटेला लागली होती. कोंबडी आहे का, असं कंडक्टरनं विचारलं. ती हो म्हणाली, आणि कोंबडी घोरली. कंडक्टरनं तिकीट फाडलं आणि पुढच्या बाकाकडे सरकला.

दवाखान्यात ती डॉक्टरांच्या पुढं हात जोडून उभी राहिली. “डागदर, मी खोटी बोलली. हा कदी आडवा व्हत नाय. भादव्यापासून नीट निजलाच नाय तो.”

डॉक्टर रागावले नाहीत. घशात मागं पडदा असतो, तो कापणं आपल्या हातचं नाही, पण नाकपुड्या मोकळ्या करून देऊ, असं म्हणाले. भुलीतून उठेलच असं नाही, हेही स्पष्ट सांगितलं. लाडकीनं अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आवारातल्या जांभळाखाली बसली होती. खिडकीतून टोब्याची घरघर ऐकू येत होती. भूल चढली तशी ती मोठी झाली, मग तुटक झाली, आणि काही वेळानं थांबली. लाडकी पुढच्या श्वासाची वाट बघत राहिली. तो आला नाही. त्याच वेळी तंबाखूचा वास आला, आणि शेजारी बसलेलं कोणीतरी उठून गेल्यासारखी जागा मोकळी झाली. तिनं वळून पाहिलं नाही. गेला, एवढंच तिच्या तोंडून निघालं.

मंसूरभाई बाहेर आले, हात पुसत. “वहिनी, आत चला.”

“मेला?”

“कान लावून बघा.”

टोब्या टेबलावर कुशीवर पडला होता. नाकाला टाके, मिशांना रक्त. छाती खाली-वर होत होती आणि आवाज नव्हता. लाडकीनं त्याच्या तोंडाजवळ कान नेला तेव्हा तिच्या गालाला ऊन वारा लागला.

त्या वर्षी बोहाड्यात वेताळ मुका आला, असं लोक म्हणाले. पांड्या मात्र न थांबता नाचला.

टाके निघाल्यावर एका दुपारी फागी मीठ मागायला आली. कितीतरी महिन्यांनी उंबरा ओलांडून आत बसली, चार गोष्टी बोलली, आणि दारात आडव्या पसरलेल्या टोब्याला ओलांडून निघून गेली. काठीचा तुकडा भिंतीशी पडला होता. घरात काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

लाडकीनं भांडी पालथी घातली. पेटीपुढं जाऊन बसली. कडेवर लाळेनं झिजून गुळगुळीत झालेली जागा होती, तिथं तिनं आपली हनुवटी टेकवली. लाकूड गार होतं. ती बराच वेळ तशी राहिली. टोब्यानं एकदा डोकं उचलून तिच्याकडे पाहिलं आणि परत झोपला.