पायरीखालचे नाव

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. वोल्गा नदीकाठच्या चढावर ग्रुनटाल नावाचे गाव आहे, तिथे मी एका घराची पायरी होऊन पडलो आहे. लोक माझ्यावर बुटांचा चिखल झाडतात, कोंबड्या घाण करतात. पण मी पायरी म्हणून घडलो नव्हतो. मी थडग्याचा दगड होतो आणि माझ्यावर एक नाव होते.

ते नाव कॉनराड हेर्डट. जर्मनीतल्या लढायांना आणि उपासमारीला कंटाळून कितीतरी कुटुंबे रशियाच्या राणीच्या बोलावण्यावरून इकडे आली. त्यांच्यात हा कॉनराड आईच्या कडेवर बसून आला. इथेच त्याने नांगर धरला आणि इथेच म्हातारा होऊन तो गेला. त्याच्या मुलाने, पेटरने, मला खाणीतून बैलगाडीत घालून आणले.

पाथरवट म्हणाला, "नाव आणि साल पुरे. गाव कशाला कोरायचं? मेला तर इथंच ना!"

"कोर," पेटर म्हणाला. "बाबा जिथं जन्मले ते गाव कोर. उद्या पोरं विचारतील, आपण मुळात कुठले? तेव्हा सांगायला मी नसेन."

पाथरवटाने कुरकुरत कोरले. छिन्नीचा घाव न घाव मला लागला. पण अंगावर अक्षरे उमटली तेव्हा वाटले, आता मी नुसता दगड राहिलो नाही.

पुढचे शतकभर मी सुखात होतो. हेर्डटांच्या घरात नवी सून आली की तिला माझ्यापुढे उभी करत आणि ते गाव मोठ्याने वाचायला लावत. अडखळली की सगळे हसत. सासू म्हणे, "जिभेला वळण लागू दे, पोरांना तुलाच शिकवायचंय."

मग १९४१ सालचा सप्टेंबर आला. जर्मनीने रशियावर हल्ला केला होता. इथल्या लोकांनी जर्मनी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, तरी ते शत्रू ठरले आणि गावेच्या गावे रिकामी करण्याचा हुकूम सुटला. गाड्या जुंपल्या होत्या, धारा न काढलेल्या गाई गोठ्यात हंबरत होत्या. त्या धांदलीत मार्गारेथा हेर्डट नावाची म्हातारी आपल्या लहानग्या नातीला ओढत माझ्याकडे आली आणि खाली बसून माझ्याभोवतीचे गवत उपटू लागली.

"ए म्हातारे, चल!" शिपाई ओरडला. "गवत कसलं उपटतेस?"

"घर सोडताना केर काढून जावं, एवढं मला माझ्या आईनं शिकवलंय," ती म्हणाली. मग तिने नातीचे बोट माझ्या अक्षरांत घातले आणि म्हणाली, "एमिलिया, इकडे बघ. मी वाचते, तू ऐक." तिने वाचले. शिपायाने दोघींना गाडीत ढकलले.

त्यानंतर माझ्याकडे कोणी आले नाही. काही वर्षांनी ट्रॅक्टर फिरवून दफनभूमी सपाट केली गेली. माझे सोबती डुकरांच्या गोठ्याच्या पायाभरणीत गेले. मला मत्वेई नावाच्या माणसाने घरी नेले. त्याचे स्वतःचे घर युद्धात जळाले होते आणि सरकारने त्याला हेर्डटांचे रिकामे घर दिले होते. त्याची बायको क्लावदिया दारातच अडून बसली.

"नाव खाली करा," ती म्हणाली. "मेलेल्याच्या नावावर पाय देऊन मी घरात येणार नाही."

तिच्या मनात पाप नव्हते. मला पालथे घातले गेले. ओल, खारट माती आणि दर हिवाळ्याचा बर्फ माझ्या तोंडाला लागून राहिला.

मत्वेई वारला, क्लावदिया म्हातारी झाली. एका उन्हाळ्यात दारात मोटार थांबली. पांढऱ्या केसांच्या एक बाई मुलीच्या हाताला धरून उतरल्या. त्या एमिलिया होत्या; हेर्डटांच्या घरातली म्हणून त्यांनी ओळख सांगितली. क्लावदियाने दूध आणि काकड्या पुढे केल्या, पण तिची नजर संशयाने भरली होती.

"घर मागायला आलात का?"

"घर नको हो," एमिलिया म्हणाल्या. "आम्हाला कझाकस्तानात नेऊन टाकलं. तिथं आम्हाला फॅसिस्ट म्हणायचे. आई तोंडावर हात ठेवायची, जर्मन शब्द काढू द्यायची नाही. आजी पहिल्याच थंडीत गेली. आता म्हातारपणी जर्मनीत कासेलला राहते, तर तिथं शेजारी मला रशियन बाई म्हणतात."

"मग इथं काय शोधताय?"

"आम्ही मुळात कुठले, ते. तिकडं आमच्यासारख्यांचं एक मंडळ आहे. भिंतीवर नकाशा लावलाय, ज्याला आपलं गाव सापडलं तो तिथं टाचणी टोचतो. माझी टाचणी पर्समध्येच आहे. इथल्या चर्चच्या नोंदी जळाल्या. खापरपणजोबांच्या थडग्यावर गाव कोरलं होतं. आजीनं मला वाचून दाखवलं होतं. माझं लक्ष कुठं होतं सांगू? आमची मांजर कुंपणावर राहिली होती, तिच्याकडे."

क्लावदियाने पायरीकडे पाहिले. मग तिने मुलाला हाक मारली, "गेनाडी, पहार आण. पायरी उचल."

पहार खाली शिरली, मी उभा झालो. पण माझ्या तोंडाचा अर्धा पापुद्रा खालच्या मातीला चिकटून तिथेच राहिला. 'कॉनराड हेर्डट, जन्म' एवढेच उरले. त्याखाली नुसती भुसभुशीत वाळू.

एमिलिया खाली बसल्या. त्या मातीत बोटे घालून चुरा वेचू लागल्या, जुळवू लागल्या. मुलगी म्हणाली, "आई, पुरे ना."

"आम्ही चांगल्यासाठीच पालथा घातला होता हो," क्लावदिया रडवेली होऊन म्हणाली.

"ठाऊक आहे. तोच तर त्रास आहे. शिवी तरी कुणाला द्यायची?"

गेनाडीने विचारले, "मग पायरीचं काय करू?"

"परत बसव. तुझी आई पडेल." एमिलियांनी हाताची माती झटकली. "फक्त नाव वर राहू दे. पाय पडले तरी चालतील."

त्या गेल्या. क्लावदिया हल्ली मागच्या दाराने ये-जा करते. बाकीचे माझ्यावरूनच जातात.

मित्रांनो, आपले मूळ दगडाच्या भरवशावर सोडू नका. घरातली म्हातारी माणसे बोलत आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. मला सगळे आठवते, पण त्यांना सांगायला मला वाचा नाही. त्या गावाचे नाव एल्लेनबाख होते. तुमच्यापैकी कोणी कधी कासेलला गेलात, तर एमिलियाबाईंना तेवढे सांगा. लवकर जा. गाडीत बसतानाच त्यांना दम लागत होता.