ऑरव्हिलचा बर्फ

आमच्या घरामागच्या खोलगट जागेत माझा नवरा ऑरव्हिल दर डिसेंबरात नळी लावून पाणी सोडायचा. ते गोठवायचं काम विस्कॉन्सिनची थंडी करायची. आठवड्याभरात गावातली पोरं स्केट्स खांद्यावर टाकून हजर. शेजारची आर्डिस मोठ्या पातेल्यात कोको करून आणायची, पडलेल्यांची नाकं पुसायची. तिचा मुलगा रोलंडही तिथेच स्केटिंग शिकला. ऑरव्हिल गेल्यावर पाणी मी सोडू लागले.

मोठा झाल्यावर रोलंडने गावातल्या एका शाळकरी मुलीशी जे केलं, त्याची शिक्षा त्याने तुरुंगात भोगली. ती मुलगी आईबापांसह गाव सोडून गेली. ते मी विसरलेली नाही, विसरणारही नाही.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर तो सुटणार होता. त्याच सुमारास आर्डिसची एक बाजू लुळी पडली. तिला दुसरं कोणी नाही. मुलगा घरी आला तर ठीक, नाहीतर तिची रवानगी वृद्धाश्रमात. पण गावाचा नियम असा, की असल्या गुन्ह्यासाठी सरकारदरबारी नोंद झालेल्या माणसाने शाळा, बाग किंवा मुलं नेहमी जमतात अशा कुठल्याही जागेपासून पंधराशे फुटांच्या आत राहायचं नाही. शाळा तर गावाच्या दुसऱ्या टोकाला. आमच्या बाजूला अशी जागा एकच, माझं परसदार.

मी गावच्या कचेरीत गेले. गावाचा प्रमुख नॉर्बर्ट. त्यालाही मी त्याच बर्फावर आपटताना पाहिलेलं.

"नॉर्बर्ट, अरे, आठ महिने तिथे नुसतं गवत असतं."

"नियमात ऋतू नसतात, मिसेस लुंड."

"आणि मी पाणीच सोडलं नाही तर?"

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग राहू दे त्याला. पण एकदा जरी तिथे पोरं स्केटिंग करताना दिसली, तर परवानगी रद्द. मलाही गावाला तोंड द्यायचंय. माझ्या घरात दोन मुली आहेत."

"ठाऊक आहे रे. त्यांना स्केट्सच्या नाड्या बांधायला मीच शिकवलं."

"मग एवढं ऐकून ठेवा, यापुढे त्या तुमच्याशी बोलायच्या नाहीत."

आर्डिसला सांगायला गेले. तिची जीभ जड झाली होती, पण धार गेली नव्हती.

"संत झालीस की काय गं?"

"गप बस. ती नळी हल्ली मला उचलत नाही."

"खोटारडी! आणि त्या मुलीचं काय? तिच्यासाठी कुणी काय बंद केलं?"

मी तिची घसरलेली शाल सारखी केली. मग तिने धड असलेल्या हाताने माझं मनगट धरलं.

"इर्मा, मला परक्या खाटेवर मरायचं नाही गं."

रोलंड घरी आला. मी पाणी सोडलं नाही. एक-दोन शनिवार पोरं कुंपणापाशी येऊन उभी राहिली, मग यायची थांबली. डिसेंबरात इतकं शांत परसदार मी कधी पाहिलं नव्हतं.

जानेवारीत मात्र अवचित ऊब आली, दिवसभर पाऊस पडला आणि त्यावर कडाक्याची थंडी. शनिवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहते, तर ती खोलगट जागा काठोकाठ गोठलेली. एक बुडबुडा नाही, एक चरा नाही. ऑरव्हिललासुद्धा असा बर्फ कधी जमला नव्हता.

पलीकडच्या खिडकीत रोलंड आईला ओटची लापशी भरवत होता. एका हातात चमचा, दुसरा हात तिच्या हनुवटीखाली धरलेला.

मी बूट चढवले, शेगडीतली राख बादलीत भरली आणि काठापासून आत पसरत निघाले. राखेवर स्केट चालत नाही. अर्धं अंतर झालं असेल, तोच कोपऱ्यावरून पोरं धावत आली.

"मिसेस लुंड, थांबा, थांबा! राख काय टाकताय? बघा तरी किती मस्त जमलाय!"

"हो रे," मी म्हटलं, "मस्तच जमलाय." आणि बादली पुन्हा भरायला घरात गेले.