टॉवरखालचे पाहुणे

"आठवडाभर आभाळात ढगाचा तुकडा नाही, आणि ह्यांच्या बुटांना चिखल," ताई सिंकपाशी पुटपुटली.

कुणाला ऐकू जावं म्हणून ती बोलली नव्हती. पण दाराआड धाकटी खाली बसून त्याच बुटाची टाच चाचपत होती, त्यामुळे तिला ऐकू आलं.

धाकटी म्हणजे ताईची पाठची बहीण. बूट-चपला दुरुस्त करायचं तिचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट, असं दाजी म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी बहिणीकडे आली की चहाच्या आधी ती बुटांची चौकशी करायची. ती सवयच होती. दाजींच्या उजव्या बुटाची टाच बाहेरच्या अंगाने झिजते हे तिला पाठ होतं. म्हणून मागे तिनेच तिथे एक लोखंडी पट्टी ठोकून दिली होती, अर्ध्या नखासारखी. पट्टी शाबूत होती. तिच्याभोवतीचा चिखल मात्र अजून ओला होता.

"कुठला गं हा चिखल?"

"मला काय माहीत. बुटांना विचार, तुझ्याशी बोलतात ते."

तेवढ्यात मागच्या दारात दाजी उभे राहिले. पूर्वी वीजमंडळात लाईनमन. आता निवृत्त, पण चालताना मान अजूनही वर, तारांकडे.

"मेव्हणीबाई, जरा बाहेर या. खासगी काम आहे."

"इथेच सांगा. तुमच्या बायकोला संशय येईल."

"माझ्यावर संशय घ्यायचे तिचे दिवस गेले."

"गेले नाहीत, कंटाळले," ताई पाठमोरीच म्हणाली.

परसात आल्यावर मात्र दाजींचा चेहरा बदलला. त्यांनी कुंपणापलीकडे एकदा बघून घेतलं.

"पाहुण्यांकडे कुणीतरी येतंय."

धाकटीचे कान टवकारले गेले.

पाहुणे म्हणजे गांजाची झाडं. घरात हा शब्द कधीच उच्चारला जात नसे. ताईच्या पायांत संध्याकाळ झाली की आग पेटायची, नसांचं दुखणं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप यायची, पण आग तशीच राहायची, म्हणजे आगीसकट झोपायचं. मग एकदा दाजींनी कुठूनसं कळलेलं एक तेल करून आणलं, आणि ताई सकाळपर्यंत कूस न बदलता झोपली. तेव्हापासून पाहुणे आले. कायद्याला ते मान्य नव्हते, त्यामुळे त्यांची सोय रानात झाली. ज्या तारा तपासण्यात दाजींचा उभा जन्म गेला, त्यांच्याच टॉवरखालच्या झुडपांत. दोन जागा होत्या. कुठे, ते फक्त दाजींना ठाऊक. ताईला सांगितलं नाही, उद्या कुणी विचारलं तर तिला खोटं बोलायला लागू नये म्हणून. धाकटीलाही नाही. ती एवढी वर्षं त्यांच्या पाणी न्यायच्या पिशवीचे बंद शिवून देत आली होती, आणि दर वेळी विचारत होती की एकदा दाखवा तरी.

"आज चल," दाजी म्हणाले. "तुला ठशांतलं कळतं. बघून सांग, कोण आहे तो."

धाकटी उठून निघालीसुद्धा. तिला भीती वगैरे वाटली नाही. वाटली ती उत्सुकता, आणि तिचीही थोडी लाज, कारण ताईच्या तेलाच्या बाटलीत तळाला बोटभरच उरलं होतं हे तिने सकाळीच पाहिलं होतं.

दारात ताईने तिचा दंड धरला.

"ते नेतील तिकडनं जा. वाट चुकलात असं म्हणू नकोस त्यांना."

"का गं?"

ताईने जाऊन नळ पूर्ण सोडला. त्या आवाजात पुढे विचारण्यात अर्थ नव्हता.

गावाचा शेवटचा पेट्रोलपंप मागे पडला तसे दाजी रस्त्यावरून उतरले. पहिल्यांदा नाल्याच्या काठाने, मग नाला ओलांडून, मग कमरेएवढ्या गवतातून. डोक्यावर तारा गुणगुणत होत्या. धाकटीच्या पायाला कुसळं टोचत होती, पण तिचं लक्ष दाजींच्या पावलांकडे होतं. मांजर फडताळावर चढावं तसे ते पाय टाकत होते. गवत वाकायचं, पण मोडायचं नाही.

"एका वाटेनं दोनदा जायचं नाही," ते म्हणाले. "गवताला सवय लागते. गवताला लागली की माणसाला वाट दिसते, आणि वाट दिसली की माणूस चालून बघतोच. तुझ्यासारखा."

"आणि झाडं उंच झाली की दिसत नाहीत?"

"शेंडे दोऱ्यानं वाकवून ठेवायचे. मग झाड आडवं पसरतं, गरिबासारखं. नर झाडं तेवढी ओळखून वेळेवर उपटायची, नाहीतर बायका बी धरायच्या मागे लागतात आणि औषध राहतं बाजूला."

"म्हणजे पुरुष काढून टाकले की बायकांमध्ये गुण उतरतो."

"तुझ्याकडे बघून तसंच म्हणायला लागेल."

धाकटीचा नवरा बऱ्याच वर्षांपासून दुसऱ्या एका घरात सुखाने नांदत होता. ती खळखळून हसली. असं बोलायची मुभा जगात फक्त दाजींना होती.

"दुकानाचं छप्पर गळायचं थांबलं का?" त्यांनी विचारलं.

"थांबलं. पत्रा बदलला."

"बरं केलंस."

पुढे एका टॉवरपाशी ते थांबले, वर पाहिलं, मग डावीकडे वळले. थोडं चालून पुन्हा त्याच टॉवरपाशी आले. धाकटीला ताईचे शब्द आठवले आणि ती गप्प बसली. दाजी कपाळाचा घाम पुसत म्हणाले,

"मुद्दाम फिरवून नेतोय तुला. कळलं पाहिजे कुणी मागे नाही ते." आणि जरा वेळाने, "दुकानाचं छप्पर गळायचं थांबलं का?"

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत चालत होते, आणि खरंच उत्तराची वाट पाहत होते.

"थांबलं," ती म्हणाली. "नवा पत्रा टाकला, दाजी."

"बरं केलंस."

काटेरी झुडपांची एक भिंत आली. दाजी तिला वळसा घालणार, तोच धाकटीला दिसलं, की वळसा घालायची गरज नव्हती. उजव्या हाताला गवतातून एक पायवाट आली होती, चांगली मळलेली, आणि थेट झुडपांत शिरली होती. एखाद्या शाळेकडे जाते तशी.

"बघ," दाजी दबक्या आवाजात म्हणाले. त्यांचा आवाज रागाने थरथरत होता. "राजरस्ता केलाय हरामखोरानं."

आत वाफा होता. धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा पाहुणे पाहिले. किती वर्षं तिने त्यांची कल्पना केली होती. काहीतरी रुबाबदार, बंडखोर असेल असं वाटलं होतं. समोर पिवळी पडलेली, माना टाकलेली झाडं होती. दोऱ्यांच्या गाठी मात्र नीट होत्या, एकसारख्या, लाईनमनच्या. तिने एका बुंध्याला हात लावला तर तो मऊ लागला, काळा पडलेला. खालची माती पिळून काढावी इतकी भिजली होती. झाडाला ओढायचीही गरज पडली नाही; ते हातात आलं, मुळांसकट, आणि मुळांना कुबट वास येत होता.

"पाणी घालून घालून मारलीत," दाजी म्हणाले. "दिसतंय ना? चोरायला आला असता तर समजलो असतो. हा चोर नाही. कुणीतरी नवशिका आहे, ज्याला वाटतं झाड म्हणजे म्हैस. रोज येतो, रोज पाणी घालतो. तेही एकाच वाटेनं, मूर्ख."

धाकटी गुडघ्यांवर बसली. ठशांचं तिला खरंच कळत असे. काही ठसे सुकून कडक झालेले, काहींच्या कडा ढासळलेल्या, काही आज सकाळचे. एकावर एक, एकावर एक. माणूस एकच होता. भारी अंगाचा, उजव्या पायावर जोर टाकणारा. टाचेच्या बाहेरच्या अंगाला प्रत्येक ठशात एक बारीक खूण होती, अर्ध्या नखासारखी.



तिने मान वर केली नाही. शेजारीच दाजींचा बूट होता, तोच चिखल लागलेला.

"कोण आहे?" वरून दाजींनी विचारलं.

"मोठा माणूस आहे," ती म्हणाली.

"वयानं?"

"वयानं. अंगानंही."

"लंगडतो का?"

"नाही. थकतो, बहुतेक."

बोलता बोलता तिने तळहात ठशावर ठेवला आणि माती सारखी केली. मग शेजारच्या ठशावर.  एक झाड दाजींनी दोन बोटांनी सरळ धरून पाहिलं, सोडलं, ते पुन्हा लवंडलं.

"जाऊ दे. दुसरा वाफा आहे," ते म्हणाले. "तो कुणाला सापडणार नाही."

त्यांनी तो बराच शोधला. एका टॉवरखालून दुसऱ्या टॉवरखाली गेले, एका ओढ्यापाशी उभे राहिले, इकडून होतं की तिकडून असं स्वतःशी म्हणाले. एकदा त्यांनी हात तारेकडे उचलून हवेत एक रेघ ओढली, जणू तिच्या टोकाला वाफा लटकत असेल. धाकटी मागून चालत राहिली. विचारण्यासारखं तिच्याकडे खूप होतं, येताना तर तिचं तोंड बंद होत नव्हतं. आता ती फक्त झुडपांत डोकावत होती, आधी तिला दिसावं म्हणून, म्हणजे दाजींना सापडला असं करता येईल. तिला काही दिसलं नाही. हे रान तिला वाचता येत नव्हतं.

"ऊन कललं," शेवटी दाजी म्हणाले. "अंधुक उजेडात दाखवायची जागा नाही ती."

सूर्य चांगला वर होता. धाकटी "हो" म्हणाली.

परतताना गाव दिसू लागलं तसे दाजी हळूहळू खुलले. पेट्रोलपंपापाशी तर ते चक्क शीळ घालायला लागले.

घरी दाजी हातपाय धुवायला गेले आणि धाकटी स्वयंपाकघरात शिरली. ताई कणीक मळत होती, एका पायावर भार टाकून, दुसरा पाय पोटरीवर घासत.

"झाडं गेली, ताई. सगळी कुजली."

"हं."

"दुसरी जागा त्यांना सापडत नाही."

कणकेवरचे हात क्षणभर थांबले. हे तिला नवीन होतं. मग ते पुन्हा चालू लागले.

"पहिली गेली असणार हे बुटांवरून कळलं होतं मला," ती म्हणाली. "सकाळी जाऊन येतात. जेवतात. मग पिशवी शोधतात, की आज पाहुण्यांकडे जायचं राहिलं."

"आणि तू जाऊ देतेस?"

"शीळ घालत येतात गं. दोन्ही वेळा."

"अगं, पण तुझं औषध होतं ते. तुझे पाय?"

"माझे पाय कुठे पळून जात नाहीत," ताई म्हणाली, आणि हसायला गेली. ते काही नीट जमलं नाही.

 धाकटीने तेलाची बाटली खिडकीवरून उचलली, उजेडात धरली, परत ठेवली.

दाजी टेबलाशी येऊन बसले. चहा झाला. ते उत्साहात होते, आणि त्यांचा बेत तयार होता. उद्यापासून पाळत ठेवायची. टॉवरच्या पायापाशी बसलं की वाट पूर्ण दिसते. डबा बरोबर न्यायचा. तो आला की आधी काही बोलायचं नाही, पाणी घालू द्यायचं, मग मागून जाऊन खांद्यावर हात ठेवायचा.

"मारायचं नाही," ते ताईला म्हणाले. "एवढंच विचारायचं, की बाबा रे, तुला पाहिजे काय?"

ताईने कप गोळा केले. धाकटी चमच्याने रिकाम्या बशीत रेघा ओढत राहिली.

"तू सांग," दाजी तिला म्हणाले. "त्याचा बूट ओळखशील ना पुन्हा?"

"बघू."

"बघू काय? तुझं तर त्यात नाव आहे." ते तिच्याकडे पाहत राहिले. चेहऱ्यावरचा उत्साह तसाच होता, पण त्याच्या खालून दुसरंच काहीतरी वर यायला लागलं होतं. "मघाशी तू तो ठसा पुसलास."

धाकटीने चमचा खाली ठेवला.

"पुसलास ना? मी पाहिलं. का पुसलास?"

तिने ताईकडे पाहिलं. ताईने हातातले कप पुन्हा टेबलावर ठेवले. पदराला हात कोरडे केले, खूप वेळ, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मग खुर्ची ओढून ती नवऱ्याच्या अगदी समोर बसली आणि त्याचा हात आपल्या हातात घेतला. धाकटीसमोर तिने असं कधी केलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "तिथं दुसरं कुणी येत नाही. तुम्हीच जाता रोज. आणि घरी आलात की विसरता."