जैतूनबीची ओवी

प्रकाशा गावच्या भिकन पिंजाऱ्याला दोनच कामं येत: कापूस पिंजणं आणि ओव्या रचणं. पहिल्यावर घर चाले, दुसऱ्याची गावभर चेष्टा. पैगंबरांच्या जन्माच्या ओव्या त्याने बायकोसाठी, जैतूनबीसाठी, रचल्या होत्या. अक्षरं उर्दू, पण बोली घरची अहिराणी, कारण जैतूनबीला दुसरी कळतच नव्हती. ती जात्यावर बसून गायची आणि हा कापूस पिंजायची धुनकी बाजूला ठेवून ऐकायचा. इंग्रज-जर्मनांची मोठी लढाई संपली त्या साली तापाच्या साथीत ती गेली. घर नुसतं खायला उठे.

त्या ओव्या एकदा तरी कुणाच्या तोंडून ऐकाव्यात, एवढंच त्याला हवं होतं. पैगंबरांच्या जन्मदिवशी मशिदीत कुणीतरी त्या गाव्यात म्हणून त्याने नव्या मौलवींपुढे ओव्यांचा कागद ठेवला. मौलवी सुरतेचे. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ये क्या है मियाँ? पादरी भी बाजार में येशू के भजन ऐसे ही देहाती बोली में गाता है. राज तो उसका है ही, अब तर्ज भी उसी की?"

भिकन मनात जळफळला. ओवी काय पाद्रीने आणली? ती तर त्याच्या आजीच्या तोंडी होती! पण मौलवींपुढे बोलणार कोण? कागद खिशात घालून तो घरी आला.

वैशाखात शेजारच्या रतिलाल पाटलाकडे लग्न निघालं. नवरीच्या गाद्या भरायला भिकनला बोलावलं. तो ओसरीवर कापूस पिंजत होता, आत सवाष्णी हळद दळत होत्या. पाटलीणबाई गजराबाईंनी सूर धरला:

"पहिली मन्ही ओवी, आमिनाना तान्हाले..."

धुनकी थांबली. गजराबाई हळद घेऊन बाहेर आल्या, तसं त्याने विचारलं, "वयनी, हाई ओवी कोनी?"

"जैतूनबीनी, भाऊ. ती तठे जातावर दये, मी आठे दयू, मधमा एक भीत. आमिना म्हंजे पैगंबरनी माय, तुमनी देवकी, असं सांगे माले."

"रची कोनी?"

"कोनी म्हंजे? तिनीच! तिना तोंडमा सरस्वती व्हती."

'मी' हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला होता.

"हां वयनी," तो म्हणाला, "तिनीच."

गजराबाई आत गेल्या. जातं पुन्हा घरघरलं.

"शेवटली मन्ही ओवी, जैतून बहिनले, सवाशीन गयी माय, हयद तिना कपायले..."

ही ओवी त्याने रचलेली नव्हती. पिंजलेल्या कापसात तोंड खुपसून भिकन रडला. मग नाक पुसून त्याने गादी भरायला घेतली.