तुझ्या घड्याळात

दोरकासच्या पत्राला उत्तर लिहायला बसलं की हार्सोयो आधी नकाशावर दोरा ताणी. एक टोक जावातल्या योग्याकार्तावर, दुसरं पार पूर्वेला, जयापुरावर. तेहतीसशे किलोमीटर भरत, मग पत्र पुन्हा पुस्तकात जाई. असं वर्ष गेलं होतं.

पत्र लहानच होतं. 'तुम्ही जावाची माणसं नाही म्हणत नाही, नुसती गप्प बसता. म्हणून येतोस का, असं विचारतच नाही. विमानाला किती वेळ लागतो, तेवढं कळव. पापेडा गार झाला की खाववत नाही, आधण कधी ठेवायचं ते कळायला हवं. डॉक्टर म्हणतात, नजर आता फार दिवसांची नाही. माणूस ओळखू येतोय तोवर बरं.'

तरुणपणी जयापुराजवळ, सेंतानी सरोवराकाठच्या शाळेत तो भूगोल शिकवायचा, दोरकास गणित. रविवारी ती साबुदाण्याच्या पिठाचा पापेडा घोटायची आणि दोन काड्यांवर गुंडाळून त्याच्या ताटात सोडायची. त्या चिकट गोळ्याला कुठून तोंड लावावं ते त्याला कळत नसे.

"चावू नकोस, मास्तर. गिळ," म्हणत ती हसायची.

मग आईच्या आजारपणाची तार आली. पुढच्या सत्रात येतो, असं सांगून तो जहाजात बसला होता.

सून वेनिंग चहा घेऊन आली, तेव्हा दोरा नकाशावरच होता. तिने विचारलं म्हणून त्याने सांगितलं, पण अशा सुरात, की विषय तिथेच मिटावा. विमान पहाटे पाचला निघतं, दुपारी एकला पोचतं. आठ तास बसून राहणं या वयात झेपायचं नाही.

वेनिंगने कप खाली ठेवला.

"बापाक, भूगोल तुम्हीच शिकवायचात ना? त्यांची घड्याळं आपल्यापुढे दोन तास. मकासारला विमान बदलूनसुद्धा सहाच होतात."

हार्सोयोने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. देशाच्या नकाशावर वेळेचे ते तीन पट्टे त्याने आयुष्यभर फळ्यावर काढले होते. हिशेब करताना तेवढेच कसे आठवले नाहीत, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

"म्हणजे येताना चारच तास वाटतील," तो म्हणाला.

"वाटतील चार. लागतील सहाच." तिने फोन हातात घेतला. "काढू तिकीट? पुढच्या महिन्यातलं?"

त्याने मान हलवली. ती होकाराचीच आहे ना, हे पाहायला ती क्षणभर थांबली.

"आणि परतीचं?"

तो दोरा बोटाला गुंडाळू लागला. पूर्ण गुंडाळून झाला. मग म्हणाला, "परतीचं राहू दे."

वेनिंगने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने कप सरळ केला.

"कवळीची डबी तेवढी आठवणीने घ्या."

"तिथे लागत नाही," हार्सोयो म्हणाला. "गिळायचं असतं."

टपाल कचेरीतल्या मुलीने फोन करायचं सुचवलं, पत्राला फार दिवस लागतात म्हणाली. त्याने नम्रपणे मान डोलावली आणि पोस्टकार्डाला तिकीट चिकटवलं. कार्डावर तारखेखाली दोनच ओळी होत्या.

'एक वाजता पोचेन, तुझ्या घड्याळात. आधण मी आल्यावर ठेव.'

पेटीच्या फटीत कार्ड अर्धं सरकवून तो थोडा वेळ उभा राहिला. मागे रांग वाढली, तेव्हा त्याने ते सोडलं.