हाडोळी की धम्मपूर

ममताने तिसरा कागद चुरगाळला आणि फोन पुन्हा कानाला लावला. पलीकडे राळेगावचा जाहिरात एजंट राजकुमार घाईत होता.

"ताई, चार वाजता पान छपाईला जाते. फोटो भेटला. गावाचं नाव कोणतं टाकू, तेवढं सांगा."

"पाच मिनिटं द्या, भाऊ."

आत खाटेवर तिच्या बाबांना, भीमराजांना, धाप लागली होती. डॉक्टरांनी फार तर आठवडा सांगितला होता. पंधरा वर्षांपूर्वी बाबांशी भांडून गेलेला तिचा भाऊ अश्वजित पुण्याकडे कुठेसा आहे, एवढंच कळलं होतं. जाहिरात त्याच्या नजरेला पडली तरच बाप-लेकाची भेट होणार होती.

तो गेला तेव्हा गाव हाडोळी होतं. मेलेली जनावरं टाकायची जागा, म्हणून हाडोळी. ते नाव पुसायला भीमराजबाबांनी दहा वर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आणि धम्मपूर करूनच दम घेतला. घरात जुनं नाव काढायची कोणाची छाती नव्हती. आता या अवस्थेत त्यांना कसं विचारायचं? आणि न विचारता जुनं नाव छापलं नि पेपर त्यांच्या हाती पडला तर?

"काय लिहून राह्यली?" आतून आवाज आला.

ती कागद घेऊन खाटेजवळ गेली.

"धम्मपूर लिहिलं, बाबा."

"हाडोळी लिही."

ते तापात बरळताहेत असंच तिला वाटलं.

"त्याले धम्मपूर मालूम नाही," भीमराज म्हणाले.

"तुमाले कसं माहीत?"

त्यांनी पाण्याच्या तांब्याकडे बोट केलं.

"नाव बदललं तवा विहारात आमी ठराव केलता. जुन्या नावाचं टपाल कोणीच घ्याचं नाही. असं गाव नाही म्हणून वापस कराचं." तिने पाजलेलं पाणी त्यांनी कसंबसं गिळलं. "त्याच साली त्याचं पत्र आलतं. अक्षर मीनं ओळखलं."

"मंग?"

"वापस केलं. चार माणसं उभी होती. ठरावावर पयली सही माहीच होती."

"कुठून आलतं?"

"पलटवून पाह्यलं नाही."

ममताला बापाचा भयंकर राग आला, आणि त्यांचा वाळलेला हात सोडवेनाही. बाहेर फोन वाजू लागला. तिने कागद गुडघ्यावर घेतला, धम्मपूर खोडलं. पुढे पेन हलेना.

"लिही," भीमराज म्हणाले. "मोठ्या अक्षरात लिही."