माया न ठेवता कापलेला कोट

"ही नुसती शिवते, डोकं माझं," असं मास्तर गिऱ्हाईकासमोर म्हणाला आणि त्या दिवसापासून बायकोने त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याचं कापायचं टेबल आणि तिचं मशीन यांत हातभर अंतर. तरी निरोप जायचे ते मधे काजं करत बसलेल्या नणंदेमार्फत. "कात्री द्या म्हणावं." "दोरा संपलाय, सांग तिला." अबोल्यात दोघांचा नफा एकच: चूक कायम समोरच्याच्या खाती. नणंदेच्या वाट्याला फुकटची हमाली.

अशात बायकोच्या गेलेल्या वडिलांचा लोकरी कोट निघाला. उसवून तिच्या मापाचा करायचा. कापड तेवढंच, कमी पडलं तर दुसरं आणणार कुठून? मशीनवरून मान न उचलता ती म्हणाली, "ताई, त्यांना म्हणावं, जरा माया ठेवा."

माया म्हणजे शिलाईच्या आत सोडायचं जादा कापड. नणंदेला हे ठाऊक होतं. पण भांडण मिटवायची तिलाच घाई. भावाच्या कानाशी लागून ती म्हणाली, "दादा, वहिनी विरघळली हं! माया ठेवा म्हणतेय."

मास्तर फुगला. "आत्ता आठवली का माया? सांग, मागून मिळत नसते!" आणि त्याच तावात खडूच्या रेघेवरूनच त्याने कात्री चालवली.

तुकडे जोडून बायकोने कोट अंगात घातला. पुढची दोन टोकं भेटेनात.

"डोळे फुटले का तुमचे? माया ठेवा म्हटलं होतं ना!"

"मला वाटलं, तू माझ्याकडे…"

"तुमच्याकडे? माझ्या बापाचा कोट चिरून वर ही ऐट?"

"मग तोंडाने सांगायचं!"

"तुम्ही तोंडाने विचारायचं! डोकं तुमचं ना?"

दोघांनी एकदमच नणंदेकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" तिने सुई आपटली. "एकमेकांचा श्वास लागेल इतक्या जवळ बसता, आणि बोलायला मी?" चपला घालून ती निघून गेली.

आता निरोप न्यायला कुणी उरलं नाही. मास्तरने टाचण्यांची डबी उचलली.

"कुठे घट्ट होतोय?"

"सगळीकडे!" ती कडाडली. "काखेत. पाठीत. आणि गिऱ्हाईकासमोर जे बोललात ना, तिथे सगळ्यात जास्त."

सवयीने तोंडात धरलेल्या टाचण्या मास्तरने काढून टेबलावर ठेवल्या.

"ते आधी सांग," तो म्हणाला.